रविवारची साफसफाई

आधी नळाचं सांगून टाकू, कारण शेवटी तोच उरणार आहे.

स्वयंपाकघरातला नळ गळत होता. टप्. मग चार मोजेपर्यंत काही नाही. मग पुन्हा टप्. एका वायसरचं काम, पण तीन वर्षं कोणी हात लावला नाही. बायकोला तो ऐकू येत नव्हता, आणि नवऱ्याला बायकोच्या कानांपलीकडे जगात काही दिसत नव्हतं.

पोटापाण्याचा धंदाच तो. श्रवणयंत्रांच्या दुकानात तो यंत्रं जुळवून द्यायचा. यंत्राला वायर जोडली की संगणकावर आवाजाच्या आठ पट्ट्या उभ्या राहतात. डावीकडे भरदार, जाड आवाज. उजवीकडे बारीक आवाज: लहान मुलं, बहुतेक बायका, पक्षी, शिट्ट्या. ज्याचा कान जिथे कमी, तिथली पट्टी वर सरकवायची. बोट हलकं लागतं. त्याचं होतं.

*

ती तापातून उठली होती. कान गेले होते, निम्म्याहून जास्त. बालवाडीत शिकवायची. सोबत आई आणि धाकटी बहीण. त्याने यंत्रं बसवली, चालू केली, आणि सगळ्यांना विचारायचा तेच विचारलं, "आता माझा आवाज येतोय का तुम्हाला?"

ती रडायलाच लागली. "येतोय. तुमचा आवाज येतोय."

इथे सगळेच रडतात. म्हणून तर टेबलावर कागदी रुमालांचा डबा असतो. पण त्या दिवशी हा गडी विसरला की रडू यंत्रासाठी आहे.

वर्षाच्या आत लग्न झालं. "तुम्ही"चं "तू" झालं. धाकटीने चिडवलं, "भावजी, ताईला ऐकू यायला लागलं, आता तुमची खैर नाही!" सगळे हसले. तोही हसला, पण दातांनी.

*

कारण ती फोनवर हसायची. धाकटीशी. अर्धा अर्धा तास, खिडकीत पाय वर घेऊन. त्याच्या विनोदांवर असं कधी हसली नव्हती. (त्याचे विनोद हसण्यासारखे नव्हतेही. पण ते त्याला कोण सांगणार?)

"काय एवढं हसायला?"

"काही नाही रे, आमचं आपलं."

आमचं आपलं. हे दोन शब्द त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले.

*

साफसफाई दर रविवारी, जेवणानंतर. ती यंत्रं काढून त्याच्या तळहातावर ठेवायची आणि आडवी व्हायची. तो छोट्या ब्रशने मळ काढायचा, नळी पुसायचा, दमटपणा जावा म्हणून डबीत ठेवायचा. शेजारीण म्हणायची, "नवरा असावा तर असा. तळहाताच्या फोडासारखं जपतो."

जपायचाच. मग वायर जोडायचा. उजवीकडची शेवटची पट्टी एक घर खाली.

एकच. पुढच्या रविवारी तिच्या शेजारची, एक घर. तिला कळणार नाही इतकं. डाव्या पट्ट्या मात्र त्याने स्वतःचा आवाज मुद्रित करून त्यावर बेतल्या होत्या, शिंप्याने अंगावर कपडा बेतावा तशा. आता तिला सगळ्यात स्पष्ट काय ऐकू यायचं? तो.

याला तो प्रेम म्हणायचा. मोठ्याने नव्हे, मनात. मनातला आवाज कुठल्याच पट्टीत बसत नाही.

*

धाकटी फोनवर म्हणाली:
"ताई, आईला तुझी फार आठवण येते. रविवारी ये ना, मी घ्यायला येते."

ताईला पोहोचलं:
"ता......ला........ आठ........ र........ ना, ..........ते."

"नीट बोल ना गं!"

"नीटच बोलतेय!" धाकटीचा आवाज चढला, आणखी बारीक झाला, आणखी गेला.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं. एक एक अक्षर टिपलं तिने.

"कळलंच नाही. हल्ली पुटपुटते नुसती."

"मनात नसेल बोलायचं," तो म्हणाला.

*

बालवाडीची नोकरी सुटली. एका पोराने तीनदा सांगितलं की बोट दारात अडकलंय. ती त्याच्याकडे पाहून हसत राहिली, चौथ्यांदा पोराचा पांढरा चेहरा दिसेपर्यंत. बोट वाचलं. तिने स्वतःच राजीनामा दिला.

"माझे कान संपत चाललेत," ती म्हणाली.

"मी आहे ना," तो म्हणाला. आणि देवाशपथ, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

*

आई आजारी पडली. आईचा आवाज आधीच दोऱ्याएवढा. ही दोनदा जाऊन आली, उशाशी बसली, हात धरला. आईचे ओठ हलायचे, हिला काही पोहोचायचं नाही. तिला वाटलं, आईची वाचा गेली. आईला वाटलं, लेक रागावलीय, उत्तरच देत नाही.

तिसऱ्यांदा जायचं होतं. तो म्हणाला, "जाऊन करणार काय? ती बोलत नाही, तुला ऐकू येत नाही. दोघींना त्रास." पटण्यासारखं होतं. तो नेहमी पटण्यासारखंच बोलायचा.

आई गेली.

*

महिन्याभराने एका सकाळी धाकटी आली. बोलली नाही. कागदावर लिहिलं: आईने जाण्याआधी तुझ्यासाठी माझ्या फोनमध्ये बोलून ठेवलंय. चल. आणि हाताला धरून घेऊन गेली. कुठे, ते त्याला विचारता आलं नाही. तो दुकानात होता, कोणाच्या तरी आजोबांना विचारत होता, आता माझा आवाज येतोय का.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती, नळाकडे पाहत.

"हा कधीपासून गळतोय?"

त्याची एकच चप्पल काढून झाली होती.

"दुसऱ्या दुकानात गेले होते," ती म्हणाली. "तिथल्या बाईने यंत्र जोडलं. म्हणाली, कोणी लावलंय हे? म्हटलं, नवऱ्याने, चुकून झालं असेल. म्हणाली, चुकून नाही हो, मेहनत आहे यात. यंत्रात प्रत्येक बदलाची तारीख आहे. सगळे रविवार."

तारखा राहतात हे त्याला ठाऊक होतं. पुसायचं कधी मनात आलं नाही. प्रेमपत्रं कोणी पुसतं का?

"आई काय म्हणाली ऐकायचंय? म्हणाली, बाळ, मी काही बोलले का तुला? रुसू नकोस. एकदा हो तरी म्हण."

"अगं, ऐक..." तो पुढे झाला. सगळ्यात चांगला आवाज लावला त्याने, भरदार, सावकाश, तिच्यासाठीच बेतलेला. "माझ्याइतकं प्रेम तुझ्यावर कोणी केलंय? सांग ना. मला फक्त..."

"तुम्ही बोला," ती म्हणाली.

तुम्ही.

मग तिने आधी उजवं यंत्र काढलं, मग डावं. डबीत ठेवली, झाकण लावलं, डबी पर्समध्ये टाकली. पाठ फिरवून बॅग भरायला घेतली, शांतपणे, घरात कोणी नसल्यासारखी.

तो बोलत राहिला. पाठीमागून, समोरून, गुडघ्यांवर बसून. साड्यांच्या घड्या पडत गेल्या. खाली धाकटीची गाडी उभी होती. दार लागलं. तरीही तो बोलतच होता.

थांबला, तेव्हा टप्.

एक, दोन, तीन, चार.

टप्.