दिसला की सांग

“चंद्र दिसल्याशिवाय पानावर बसायचं नाही गो, कितीही भूक लागू दे.”

आईने हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी आठ वर्षांची असेन. संकष्टी होती, घरभर मोदकांचा वास सुटलेला, आणि मी दर पाच मिनिटांनी गॅलरीत जाऊन येत होते. वर्तकनगरच्या आमच्या जुन्या इमारतीतून तेव्हा पूर्वेकडचं आभाळ मोकळं दिसायचं. पुढे तिथे बावीस मजली टॉवर उभा राहिला आणि चंद्र आमच्या गॅलरीत तासभर उशिरा यायला लागला. मग आई गच्चीवर जायची. गुडघे धरत, जिना चढून. वरून जिन्यात तोंड घालून हाक मारायची, “हौसा, दिसला गं!”

हौसा म्हणजे समोरच्या दारातल्या हौसाबाई, माझ्या हौसामावशी. एकट्याच राहतात. काचबिंदूने त्यांची नजर गेली त्याला आता बारा वर्षं झाली, पण त्यांनी संकष्टी सोडली नाही. कुणी म्हणालं की मोबाईलमध्ये चंद्रोदयाची वेळ येते, तर म्हणायच्या, “मोबाईलला कुठे भूक लागते? तो काहीपण सांगेल. शेवंतीने बघितला की मी बघितला.”

शेवंती माझी आई.

चार वर्षांपूर्वी मी कलमा पढले, मुसलमान झाले. कल्याणच्या एका लॅबमध्ये मी कामाला आहे, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. दूधनाक्याजवळ जैबुन्निसाखाला राहतात, त्यांची साखर तपासायला मी दर महिन्याला जायचे. एका थंडीतल्या सकाळी पोचले तर त्या फजरच्या नमाजला बसलेल्या. मी दाराशी थांबले. त्यांनी डोकं जमिनीला टेकवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. मला एकदम रडू यायला लागलं. का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. मग मी त्यांना विचारायला लागले, वाचायला लागले. त्यात दीड वर्ष गेलं. एका शुक्रवारी त्यांच्याच घरी बसून मी ते शब्द म्हटले, आणि संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं.

“मुलगा कोण?” आईने पहिलं तेच विचारलं.

“कुणी नाही, आई.”

“सांग मला, मी रागावणार नाही. काय करतो?”

“खरंच कुणी नाही.”

“कुणीच नाही?” हातातली मेथीची जुडी तशीच धरून आई बसून राहिली. “मग कशाला गो?”

मुलगा असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याला नावं ठेवता आली असती, त्याच्या आईला शिव्या घालता आल्या असत्या. माझ्या धाकट्या भावाने, विनीतने, त्या दिवशी जेवणाचं ताट तसंच ठेवलं आणि तो घराबाहेर निघून गेला. झोपायच्या आधी आईने एवढंच विचारलं, “नाव तरी मी दिलेलं ठेवणार ना?”

संचिता नावात काही वाईट नाही, बदलायची गरज नाही, असं खालांनी सांगितलेलं. मी हो म्हटलं. आईने दिवा घालवला.

त्या वर्षीच्या रमजानात संकष्टी रविवारी आली. मी नवीन होते, प्रत्येक गोष्टीला घाबरायचे. तोंड धुताना पाणी घशात गेलं तर? नुसत्या वासाने रोजा तुटला तर? दुपारी आई माझ्या खोलीत आली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. हातात ताटली, ताटलीत साबुदाण्याची खिचडी, वर दही.

“आज दोघींचा उपास! घे, गरम आहे.”

“आई, नाही चालत.”

“अगं, कांदा नाही, लसूण नाही. मीठसुद्धा शेंदेलोण घातलंय.”

“रोजाला काहीच खात नाहीत. सूर्य मावळेपर्यंत.”

“बरं, मग दूध आणते.”

“दूध नाही. पाणीपण नाही.”

“पाणीपण नाही?” ती घाबरली. “एवढ्या उन्हात? चक्कर येईल. दोन घास खा, कुणाला कळतंय?”

आणि मी ती ताटली हाताने मागे सरकवली. जोरात नाही. पण दही कडेला सांडलं.

आईने पदराच्या टोकाने ते पुसलं. मग हळू आवाजात म्हणाली, “माझ्या हातचं आहे म्हणून नाही ना?”

“नाही गं आई,” मी म्हटलं. तोंडाने म्हटलं, पण हात आधीच बोलून गेला होता.

त्या दिवशी तिनेही खिचडी खाल्ली नाही. संध्याकाळी मी खजूर तोंडात टाकला तेव्हा तिने स्वतः माझ्यासाठी लिंबाचं सरबत केलं आणि समोर बसली. “तू पण घे ना आता,” मी म्हटलं. ती म्हणाली, “माझा चंद्र कुठे दिसलाय अजून?” आणि साडेनऊच्या पुढे गच्चीवरून तिची हाक आली, “हौसा, दिसला गं!” आवाज कोरडा पडलेला.

ईद झाली आणि मी कल्याणला खोली घेतली, खालांच्या शेजारच्या चाळीत. इमारतीत बायका मला बघून बोलणं थांबवायच्या, विनीतचं लग्न ठरत होतं, मुलीकडच्यांना काय सांगायचं हा प्रश्न होता. आई म्हणाली नाही जा म्हणून. राहा म्हणूनही म्हणाली नाही. दर रविवारी मी जायचे. दुपारच्या नमाजची वेळ झाली की ती स्वतःहून टीव्ही बंद करायची.

त्या रविवारांत मला जे कळलं नाही ते गेल्या पौषात कळलं. विनीतचा फोन आला. आई गच्चीच्या जिन्यात पडली होती.

“तीन वर्षं संकष्टीला पाण्याचा थेंब घेत नाही ती,” तो हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये म्हणाला. “गोळ्या पण नाही घेत त्या दिवशी. कुणामुळे? सांग ना, कुणामुळे?”

डॉक्टर म्हणाले हृदय आधीपासूनच अशक्त होतं, एवढ्याने झालेलं नाही. ते विनीतने ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी आईपाशी होते. रमजानात पाळीमुळे राहिलेले रोजे मी थंडीत पुरे करते, त्यातला एक त्या दिवशी होता. आईने पाणी मागितलं. मी चमचा तिच्या ओठांशी नेला, तर तिने माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं.

“आज तुझा आहे?”

“हो.”

“मग राहू दे. थांबते मी पण.”

“आई, असं नको ना करूस. कशाला करायचीस तू हे? मला सांगायचंस तरी.”

“काय सांगायचं त्यात?” तिला धाप लागत होती. “तू तिकडे एकटी खोलीत उपाशी. मी इकडे खिचडी गिळू? तुझं ते मला कळत नाही गो. तहान कळते.”

मी चमचा पुन्हा पुढे केला. या वेळी ती प्यायली. माझ्यासाठीच प्यायली. मग डोळे मिटून पडली. मला वाटलं झोप लागली, पण ती हौसामावशींचा विचार करत होती.

“हौसाला आता कोण सांगणार? विनीत मोबाईलमध्ये बघून सांगेल. तिला ते पटायचं नाही. तू येशील?”

मी चमचा खाली ठेवला. तिला वाटलं मी अडले आहे.

“पूजा नको करूस. अर्घ्य नको, आरती नको. तुझ्या धर्मात नाही ते काही करू नकोस. नुसती गच्चीवर जा. दिसला की सांग. बस.”

“येईन,” मी म्हटलं. तिने लगेच माझ्याच फोनवरून हौसामावशींना तसं सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तिला घरी आणलं तेव्हा मी जिन्यात उभी होते. नेऊन झाल्यावर विनीत अंघोळ करून, ओल्या केसांनी माझ्यासमोर आला. “झालं समाधान?” तो म्हणाला. “आता इथे यायचं नाही.” त्याचे ओठ थरथरत होते. लहानपणी तो पडला की रडू आवरताना अगदी असाच दिसायचा.

माघातली संकष्टी आली, मी गेले नाही. त्या संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालत गेले आणि परत आले. फाल्गुनातली संकष्टी रमजानातच येत होती. तिच्या चार दिवस आधी पायलचा फोन आला. पायल विनीतची बायको, आईच्या घरात आता तेच दोघं राहतात. ती दबक्या आवाजात बोलत होती.

“ताई, हौसामावशींचं सांगायचं होतं. मागच्या संकष्टीला हे त्यांना दोनदा सांगून आले की उगवला म्हणून. त्या हो म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. सकाळी मी चहा घेऊन गेले तर पान तसंच. जेवल्याच नाहीत. म्हणतात, संचू येणार होती. शेवंतीने सांगून ठेवलंय तिला.”

मी कॅलेंडरवर तारीख बघितली.

“हे काही बोलले तर बोलू देत,” पायल म्हणाली. “गच्चीची चावी मी तुळशीच्या कुंडीखाली ठेवते.”

मी खालांकडे गेले. त्या चादरीवर तांदूळ निवडत बसलेल्या. मी सगळं सांगितलं आणि विचारलं की हे चालेल का, त्यात काही चुकीचं तर होणार नाही ना.

“चांद बघायला कुणी मना केलंय?” खाला म्हणाल्या. “आम्हीपण बघतोच की. माझा सासरा ईदच्या चांदासाठी माडीवर चढून बसायचा, रेडिओवर भरोसा नाही म्हणायचा. तुला पूजा कर म्हटलंय का तिने?”

“नाही.”

“भुक्या म्हातारीला सांगायचं की बाई, जेव. एवढंच ना? आणि आईला वादा केलास.” त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. “वाद्याबद्दल अल्लाहसमोर विचारलं जाणार आहे, संचिता. तिथे भावाचं नाव सांगून चालायचं नाही.”

आज ती संकष्टी.

पहाटे सहेरीचं खाणं उरकल्यावर मी साबुदाणा भिजत घातला. दुपारी कामावरून आले, दाणे भाजले, कूट केलं. वास सुटला, पण मी आता घाबरले नाही. शेंदेलोण घातलं. चव बघता येत नव्हती, म्हणून आईसारखीच डोळ्यांच्या अंदाजाने दोन चिमटी. अजान झाली तेव्हा खजुराने रोजा सोडला, पाणी प्यायले, मगरिबची नमाज पढले. सजद्यात, कपाळ जमिनीला टेकलेलं असताना, आईसाठी काय मागावं हे मला कधीच कळत नाही. तिला तहान लागू नये, एवढं मनात येतं.

हौसामावशींसाठी खिचडी डब्यात भरली. वरचा थर दबला होता, तो चमच्याने मोकळा केला. दही वेगळ्या डबीत घेतलं, सांडू नये म्हणून तिला फडकं बांधलं. पाण्याची बाटली भरून पिशवीत ठेवली. डोक्यावरून ओढणी घट्ट घेतली. आठ-सव्वाआठपर्यंत मी वर्तकनगरला पोचणार होते. चंद्राला अजून अवकाश होता.

दाराला कुलूप लावलं, पिशवी डाव्या हातात घेतली, आणि निघाले.