वरीलप्रमाणे

आमच्या खात्याच्या फॉर्मात टेकडीवरच्या झाडांसाठी एकाखाली एक तीन ओळी होत्या. पायथा, उतार, माथा. सत्त्याण्णव साली मी गिरडकडे वनरक्षक होतो. त्या तीन ओळी भरायला आठ दिवस दिले होते आणि त्यातले सहा मी लोळण्यात घालवले, हे आधीच सांगून टाकतो.

सातव्या दिवशी जयवंताबाई वाट दाखवायला आली. माथ्यावरच्या सालईचा डिंक विकून तिचं घर चालायचं. चालता चालता ती पायाने माती उकरून दाखवी.

"इथं काळी माती हाय, तं साग हाय. वर गेलं का गोटे लागते, मंग धावडा. माथ्यावर निस्ता मुरूम. तिथं सागाचं काई चालत नाई, सालईच जगते. अन् सावलीच्या अंगाले खळग्यात मुसळीचे कंद."

अर्ध्या उतारावर माझे गुडघे बोलू लागले. मी खडकावर बसलो आणि म्हणालो, "माथ्याचं तुमच्या सांगण्यावरून लिहितो."

"लिवजा मात्र, साहेब. कागदावर आलं का सालईले कोणी हात लावत नाई."

घरी येऊन मी पायथ्याला साग, तेंदू लिहिलं. उताराला साग, धावडा. माथ्याच्या ओळीशी आलो तेव्हा जेवण वाढलं होतं. मी 'वरीलप्रमाणे' लिहिलं आणि सही ठोकली. माथ्याच्या वर आभाळाशिवाय काय असतं, हे तेव्हा सुचलं नाही.

दोन वर्षांनी अख्ख्या टेकडीवर साग लावायचा हुकूम आला. कागदावर नसलेली सालई तोडली, मुरमात खड्डे खणले. दोन पावसाळ्यांत होती ती माती वाहून गेली, मुसळीचा खळगा गोट्यांनी भरला. सागाची रोपं गुडघ्याएवढीही झाली नाहीत.

दोन हजार तीनला पाहणीसाठी मलाच पाठवलं. जयवंताबाई तोडलेल्या सालईच्या बुंध्यावर बसली होती. आता ती दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची.

"तुमी तं लिवलं होतं ना, साहेब?"

"लिहिलं होतं," मी म्हणालो.

"मले माहीत होतं. वाचणाऱ्याइनंच वाचलं नसन."

तिने पदराची गाठ सोडली आणि डिंकाचा एक खडा माझ्यापुढे धरला.

"शेवटचा हाय. उगाळून लावजा. तुमचे गुडघे दुखते ना."

मी तो घेतला.