वाटेवरची काटी

करोनानं दोनदा पुढं ढकललेलं सारिकाचं लग्न ज्या उन्हाळ्यात एकदाचं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. सारिका म्हणजे लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या सरूबाईची नात. मांडव उतरला, पाहुणे पांगले, नवरी सासरी गेली आणि घरात सरूबाई, तिचा मुलगा सुहास आणि सून अमृता एवढीच माणसं उरली. सुहास लोणावळ्याला एका हॉटेलात कामाला. शेत दोघी सासूसुनाच बघायच्या.

शेत म्हणजे घरामागची भाताची खाचरं. खाचरांच्या बांधावरून एक पायवाट खाली नदीच्या डोहावर उतरायची. जमीन सरूबाईची, पण वाट सगळ्यांची. सरूबाईचा नवरा बाजीराव हयात असताना म्हणायचा, "पाण्याची वाट अडवू नये." तो गेल्यावरही ती कुणी अडवली नव्हती.

त्या डोहात चिलापी लागायची, कधी मरळही. त्यामुळं रविवार आला की पुण्या-चिंचवडची पोरं गळ टाकायला यायची. घडीच्या खुर्च्या, रंगीत छत्र्या, गाडीत गाणी. बसायला हरकत नव्हती. पण उठून जाताना पावाच्या पिशव्या, बाटल्या आणि तुटलेलं तंगूस तिथंच टाकून जायची. तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. केसासारखी बारीक, पण तुटता तुटत नाही.

ऐन लावणीत अमृताचा पाय चिखलातल्या फुटक्या बाटलीवर पडला. टाके पडले. सून खाटेवर आणि रोपं तशीच पडलेली, हे बघून सरूबाईचं डोकं फिरलं. तिनं कोयत्यानं बाभळीची एक फांदी तोडली आणि वाटेच्या तोंडाशी आडवी टाकली.

आपल्याकडं वाटेवर काटी आडवी टाकली की सांगावं लागत नाही. वाट बंद. मालकानं उचलल्याशिवाय कुणी ओलांडत नाही. भांडण नाही, तंटा नाही, काटी बोलते.

पण काटीची बोली शहरातल्या पोरांना कुठली यायला! पुढल्याच रविवारी एक चष्मेवाला पोरगा गळाच्या काठीनं फांदी बाजूला सारून मोठ्या आनंदानं ओट्यापाशी आला.

"आजी, वाटेत काटे पडले होते. बाजूला केले हां! कुणाच्या पायात गेले असते."

सरूबाई बघतच राहिली. पोरगं तर कौतुकाची वाट बघत उभं.

"लय उपकार झाले, बाबा," ती म्हणाली. त्याला ते खरंच वाटलं. हसत हसत तो डोहाकडं उतरला.

सरूबाईनं मोठी फांदी टाकली. तीही बाजूला झाली. तिनं आणखी मोठी टाकली. असा पावसाळा चालला.

या सगळ्यात नथू दिसेनासा झाला होता. नथू बौद्धवस्तीतला. रेल्वेच्या गँगमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेला. बांबूची काठी आणि गांडुळांचा डबा घेऊन आठवड्यातून एकदोनदा तो डोहावर बसायचा, आणि परत जाताना सागाच्या पानात गुंडाळलेले दोन मासे सरूबाईच्या ओट्यावर ठेवायचा. सोमवार असला तर ठेवायचा नाही, एवढं त्याला ठाऊक. सरूबाईनं मनाशी म्हटलं, पावसात गुडघे धरले असतील म्हाताऱ्याचे. कामाच्या रगाड्यात विचारायचं राहूनच गेलं.

गणपती गेले आणि एका दुपारी ढवळी गाय डोहावर पाणी प्यायला गेली ती परतलीच नाही. सरूबाई खाली गेली तर गाय तीन पायांवर थरथरत उभी. मागच्या पायाला तंगूस इतकं आवळलेलं, की कातडी चिरून आत रुतलेलं. आणि त्याच तंगुसाचा गळ कासेला टोचलेला. हात लावला की लाथ झाडायची. सुहास कामावर, डॉक्टरचा फोन लागेना. गाय गाभण होती. घरातलं दूधदुभतं सगळं तिच्यावर.

"नथूभाऊंना आणू का?" अमृता म्हणाली. "गळ काढायचं त्यांनाच जमंल."

ती लंगडत वस्तीवर गेली. नथू लगेच निघाला. पण वाटेच्या तोंडाशी येऊन थांबला. खालून सरूबाईला तो दिसत होता. हातात पक्कड, डोक्याला टॉवेल, आणि पुढ्यात आडवी बाभूळ.

"आरं ये की लवकर!" सरूबाई ओरडली. "उभा का ऱ्हायलास?"

"काटी हाय न्हवं, वहिनी."

"ती तुज्यासाठी न्हाई रं, त्या पोरांसाठी हाय!"

"काटीवर नाव लिवलेलं नसतं, वहिनी," नथू वरूनच म्हणाला. "तुमी उचला, मग येतो."

तेव्हा सरूबाईच्या ध्यानात आलं. ज्यांच्यासाठी काटी टाकली ते दर रविवारी खुशाल आत येत होते. ज्यानं कधी कागदाचा कपटा टाकला नाही, तो एकटा बाहेर राहिला होता.

ती चढ चढून वर आली. दोन्ही हातांनी फांदी उचलून तिनं बांधापलीकडं फेकली. तळहातात काटा मोडला, पण तो काढायला ती थांबली नाही.

नथूनं टॉवेल गायीच्या डोळ्यांवर बांधला. "माझी बाई, माझी लक्षुमी," असं पुटपुटत आधी ब्लेडनं तंगूस कापलं. मग गळ मागं न ओढता पुढं सारला, बाहेर आलेलं टोक पकडीनं तोडलं आणि उरलेला दांडा अलगद काढून घेतला. ढवळीनं एक लाथ मारली, ती त्याच्या मांडीला लागली.

"घ्या! ही फी मिळाली," नथू म्हणाला. अमृता रडता रडता हसली.

गाय शांत झाल्यावर तो काठावर फिरला. गवतातलं तंगूस शोधून शोधून एका काटकीवर गुंडाळत बसला.

"आता ह्ये काय करतुयास?" सरूबाईनं विचारलं.

"ह्ये? ह्ये तर नेहमीचंच. मासं लागंस्तवर रिकामा बसून काय करू?"

"म्हंजी आजवर तू उचलत हुतास?"

"मला कुटं गुरं हायती? पर तुमची हायती की."

सरूबाई दगडावर टेकली. इतकी वर्षं गुरं या डोहावर पाणी पीत होती आणि त्यांच्या पायात काही अडकलं नव्हतं. तिला वाटायचं, देवाची दया.

"मला येऊन दोन शब्द सुनवायचं तरी," ती म्हणाली. "काटी बगून गप माघारी गेलास?"

नथू काटकी फिरवत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, आमचा बाप पाण्याला यायचा तवा हितंच काटी असायची. तुमच्या सासऱ्यानं टाकलेली. जिमीन बाजीरावभाऊच्या हाती आली, त्या दिशी त्यानं सोता उचलली. मी ल्हान हुतो, बापाच्या मागं उभा. त्यानं बापाला हाक मारली, 'या, पानी घ्या.' ते उपकार म्या इसरलो न्हाई. म्हून परत काटी दिसली, तवा वाटलं, बाजीरावच्या घरची हाय, तर कायतरी कारण आसंल."

नवऱ्यानं ही गोष्ट सरूबाईला कधी सांगितलीच नव्हती. तिनं पदरानं डोळे पुसले.

"च्या घेऊन जा," एवढंच ती म्हणाली.

वर येऊन तिनं बांधापलीकडची काटी कोयत्यानं तोडली. आधीच्या, पावसात भिजून परत वाळलेल्या फांद्याही गोळा केल्या. त्यांच्याच जाळावर चहा उकळला. नथू ओट्यावर बसला आणि सुईनं त्यानं तिच्या तळहातातला काटा काढला.

पुढल्या रविवारी सरूबाई वाटेच्या तोंडाशी पेंडीची रिकामी पोती घेऊन बसली. शेजारी नथू.

"वाट मोकळी हाय," ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. "पर पोतं घेऊन जायचं आन् भरून आनायचं. तंगुसाचा तुकडासुदीक ऱ्हायला न्हाई पायजे."

काहींनी नाकं मुरडली आणि गाड्या वळवल्या. चष्मेवाला पोरगा मात्र थांबला. गौरव त्याचं नाव. नथूनं त्याला काटीचा अर्थ सांगितला, तसा तो कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे मी इतके दिवस... आजी, आणि तुम्ही मला उपकार झाले म्हणालात!"

"मंग काय, गळ्यात पडू तुज्या?" सरूबाई म्हणाली, आणि तिघंही हसत सुटले.

त्या दिवशी गौरवनं दोन पोती भरून आणली. पुढं तो नेमानं यायचा. नथूकडून गांडूळ लावायला शिकला आणि येईल त्याला पोतं द्यायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. ढवळीला कालवड झाली. भात निघालं तेव्हा नव्या तांदळाची पहिली पायली सरूबाईनं स्वतः वस्तीवर नेऊन नथूच्या घरी दिली. आणि सागाच्या पानातले मासे परत ओट्यावर येऊ लागले, सोमवार सोडून.

नथू दोन हजार चोवीसच्या जानेवारीत, भात झोडून झाल्यावर, राहत्या घरी वारला.