मिसळलेलं पीठ

स्पेनमधल्या कुटुंबांकडे उन्हाळा काढून परतलेल्या मुलांची बस अल्जीरियाच्या वाळवंटातल्या सहरावी निर्वासितांच्या स्मारा छावणीत शाळेसमोर थांबली, तेव्हा तर्बाला आपली लेक ओळखताच आली नाही. ती शोधत होती एक हडकुळी, पिवळट, पोट पुढे आलेली पोर. आणि कमरेला येऊन बिलगली ती गाल भरलेली, उंच झालेली, एक मिनिट पाय न ठरणारी मुलगी.

"आई, कुठं बघतेस? मी आहे ना!"

तर्बाने साल्काला पोटाशी धरलं, तिच्या दंडाला हात लावून पाहिला, आणि रडायला लागली. शेजारणी म्हणाल्या, आनंदाने रडतेय. आनंद होताच. पण आठ वर्षं आपण जिवाचं रान केलं तरी जे जमलं नाही, ते एका परक्या बाईने एका उन्हाळ्यात करून दाखवलं, हेही त्या रडण्यात होतं.

अंगावरचं दूध सुटल्यापासून साल्काच्या अंगाला अन्न लागतच नव्हतं. पोट सदा बिघडलेलं. शाळेतून आली की चटईवर पडून राहायची. छावणीत मदतीचं येणार ते गव्हाचं पीठ, आणि घराघरांत होणार ते गव्हाचे रोट नाहीतर गव्हाच्याच रव्याचं कुसकुस. दुसरं आणायचं कुठून? बायका म्हणाल्या नजर लागली, म्हणून गळ्यात कातडी ताईत बांधला. बायका म्हणाल्या पोर लाडावलीय, म्हणून तर्बा परातीशेजारी ठाण मांडून बसू लागली. "टाकशील तर याद राख! सगळं सोडून या वाळवंटात आलो ते काय तू रोट फेकावास म्हणून?" एकदा तर हनुवटी धरून तिने घास तोंडात कोंबला होता. पोरीने तो उलटून टाकला, तेव्हा वर एक चपराकही दिली होती.

घरी पोचल्यावर साल्काने पिशवीतून गहू नसलेल्या पांढऱ्या पिठाचे पुडे काढून मांडले.

"मला गहू चालत नाही, आई. जवही नाही. तिकडच्या डॉक्टरने घशातून नळी घालून आत बघितलं. सीलिअक म्हणतात त्याला. गहू खाल्ला की माझं आतडंच खराब होतं. एन्कार्नाआईने मला गहू अजिबात दिला नाही, म्हणून मी बरी झाले."

"एन्कार्नाआई?" तर्बा म्हणाली.

"म्हणजे तिकडची आई गं."

तर्बाचा नवरा मुलुद हसला. "आता दोन-दोन आया! मजा आहे बुवा एका माणसाची."

तर्बा हसली नाही. संध्याकाळी मुलुदची बहीण देगजा आली. तिच्या मुलाला हाच आजार होता, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. "भांडी वेगळी ठेव, तर्बे. चाळणी वेगळी. दवाखान्यात हिचं नाव घाल, हे पीठ आपल्याकडेही मिळतं. भात, डाळ, मांस, मका, काय हवं ते खाऊ दे. फक्त गव्हाचा कण नको. तो हिच्यासाठी विष आहे."

देगजा तिघांसाठी चहा ओतत सहजच बोलली होती. पण तो शब्द तर्बाच्या डोक्यातून जाईना. विष असेल, तर ते इतकी वर्षं घातलं कुणी? हनुवटी धरून कोंबलं कुणी? ती जितका विचार करी तितकं तिला वाटे की हे खरं असूच शकत नाही. रोटाने कुणी मरतं का? पोर बरी झाली ती तिकडच्या दूधफळांनी, गार हवेने. गव्हाचं काही नाही त्यात. नसणारच.

पहिल्या दिवशी तिने नव्या पिठात गव्हाची जेमतेम चिमूट टाकली. तसं निमित्तही होतं: ते पीठ धरत नव्हतं, रोट हातात घेतला की भुगा व्हायचा. साल्काला काही झालं नाही. बघा! म्हटलं नव्हतं मी? मग तिने पसाभर टाकलं. त्याही दिवशी काही झालं नाही. मग मिसळायची सवयच होऊन गेली.

"हे माझंच पीठ आहे ना, आई?" साल्का रोज विचारायची. तिकडे तिला तसं शिकवलं होतं.

"तुझंच गं बाई. खा मुकाट्याने."

"तिकडच्यापेक्षा छान झालाय रोट. तिकडचा नुसता भुसा लागायचा."

हे ऐकून तर्बाला जे सुख झालं, त्याची नंतर तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

रोट धरू लागले, आणि साल्का ढेपाळू लागली. आधी पोट दुखायला लागलं. मग दुपारभर चटई. गाल उतरले, डोळ्यांखाली काळं आलं, पोट पुन्हा टरारलं. शाळेच्या रांगेत चक्कर येऊन पडली, तेव्हा मास्तरांनी उचलून घरी आणून सोडलं.

मुलुद म्हणाला, "पीठच उन्हाने खराब झालं असणार. इतक्या लांबून यायचं म्हणजे..."

देगजाने तर्बाला बाजूला घेऊन विचारलं, "भांडी वेगळी आहेत ना गं?"

"आहेत की."

"चाळणी?"

"तीही वेगळी."

दोन्ही खरं होतं. देगजाने पिठाचं विचारलं नाही. असं विचारावं लागेल हे तिच्या मनातही आलं नाही.

तर्बाला कळून चुकलं होतं. कळूनही ती आणखी दोन दिवस मिसळत राहिली, कारण थांबायचं म्हणजे मान्य करायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला होता, तंबूचे दोर करकरत होते. साल्काने पडल्या पडल्या तिला जवळ बोलावलं.

"आई, रागवणार नाहीस ना?"

"नाही. काय झालं?"

"माझंच चुकलं. नुएनाकडे खेळायला गेले तेव्हा मी बिस्किट खाल्लं. अर्धंच. तिने दिलं, मला नाही म्हणता आलं नाही." साल्काने डोळे पुसले. "त्याच्यानेच झालंय हे सगळं. एन्कार्नाआईला सांगू नकोस. ती म्हणाली होती, आता तुझी तब्येत तुझ्याच हातात आहे."

"तुझं काही चुकलं नाही," एवढंच तर्बा बोलू शकली. ती उठली, मिसळलेल्या पिठाचा डबा घेऊन बाहेर गेली आणि तो बकऱ्यांपुढे रिकामा केला. मग डोक्यावरून अंगभर गुंडाळलेलं मेल्हफाचं लांब वस्त्र वाऱ्यात घट्ट धरून तडक देगजाकडे गेली आणि दारातच सगळं सांगून मोकळी झाली. देगजा ओरडेल, चार शिव्या देईल, मग जवळ घेईल, असं कुठंतरी तिला वाटत होतं.

देगजाने जवळ घेतलं नाही.

"मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "पोर तिकडे स्वतःला दोष देत पडलीय. तिला सांग जा."

तर्बा परत आली आणि साल्काच्या उशाशी बसली. शब्द जुळवायला गेली, ते जुळेनात. शेवटी जसं होतं तसंच सांगितलं. "तुझ्या पिठात मी गहू मिसळत होते. बिस्किटाने नाही झालं हे. माझ्याने झालं."

साल्काने तिच्याकडे पाहिलं. तर्बाला वाटलं, आता रडेल, नाहीतर ओरडेल.

"पण मी विचारायचे ना तुला," साल्का म्हणाली. "रोज विचारायचे. तू हो म्हणायचीस." आणि तिने कनातीकडे तोंड केलं.

त्या दिवसापासून तर्बाने हयगय केली नाही. नवी परात आणली, घर झाडून काढलं, दवाखान्यातून पीठ आणलं. मुलुदलाही सांगितलं. तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. साल्का मात्र आईने केलेला रोट खाईना. आत्याकडे जाऊन जेवायची. तर्बा रोज रोट करून ठेवी, आणि रोज तो शिळा होई. पुढे पुढे साल्का स्वतः पीठ मळायला बसू लागली, आणि तर्बा नुसती जाळ घाली. सुधारायला या खेपेला बराच वेळ लागला. थंडी सरत आली तेव्हा कुठे तिच्या गालांवर मांस दिसू लागलं, आणि एक दिवस ती नुएनाच्या मागे पळताना तर्बाला दिसली. त्याच सुमारास ती पुन्हा आईच्या हातचं खाऊ लागली.

मग दुकानातल्या फोनवर एन्कार्नाचा फोन आला. पोर मधे आजारी होती, हे कुणाकडून तरी तिच्या कानावर गेलं होतं. साल्का भराभर स्पॅनिश बोलत होती. शाळेत शिकलेलं, उन्हाळ्यात पक्कं झालेलं. तर्बाला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तिने साल्काच्या खांद्यावर हात ठेवला.

"साल्के, तिला सांग. मी काय केलं ते सांग. सगळं सांग."

साल्काने एकदा आईकडे बघितलं आणि फोनमध्ये बोलू लागली. बराच वेळ बोलली. पलीकडची बाई काहीतरी म्हणाली, मग हसलीसुद्धा. तर्बा थक्क झाली. इतकं ऐकूनही हसते?

"काय म्हणाली?" फोन ठेवल्यावर तिने विचारलं.

"म्हणाली, येत्या उन्हाळ्यात ये. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग."

"माझं ऐकल्यावरही?"

साल्काने पायाने वाळू उकरली. "मी तिला बिस्किटाचं सांगितलं."

"अगं, का?"

"तुझं सांगितलं असतं तर तिने मला तिकडेच ठेवून घेतलं असतं," साल्का म्हणाली. "मला इथं राहायचंय."

ती पुढे चालू लागली. तर्बा दुकानाच्या दारात उभीच राहिली. पोरीने आपल्याला वाचवलं होतं, आणि त्यासाठी आईचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला होता. आता तो तिच्या अंगावरून काढायचा कसा? तर्बाला एक शब्दही त्या भाषेत येत नव्हता. मागून दुकानदाराने विचारलं, आणखी कुठं फोन लावायचाय का? तिने नको म्हणून मान हलवली आणि लेकीला गाठायला ती झपाझप पावलं टाकू लागली.