आईच्या नावाचा हलवा

इराणमधल्या यझद शहराच्या बाजारात इनायत मीसाकीचं चष्म्यांचं दुकान होतं. शुक्रवारी दुकान बंद असलं की तो सरकारनं अमान्य ठरवलेल्या आपल्या बहाई धर्मातली पाच-सहा मुलं घरी गोळा करायचा, त्यांच्याकडून प्रार्थना म्हणून घ्यायचा, खरं का बोलावं याच्या गोष्टी सांगायचा. एका शुक्रवारी दारात पोलीस आले. देशाच्या सुरक्षेला धोका निर्माण केला, असं न्यायाधीशांनी ठरवलं आणि पाच वर्षं ठोठावली.

तुरुंगातल्या खोलीत चोर होते, मारामारीवाले होते, अफूवाले होते. खोलीचा कारभार हाजी मुख्तारकडे होता. सरहद्दीवरून डिझेल पळवताना पकडलेला हा ट्रक ड्रायव्हर पाच वेळा नमाज पढायचा आणि मधल्या वेळात शिव्या द्यायचा.

पहिल्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं, "हे बघ चष्मेवाल्या, तुझ्याशी माझं वैर नाही. पण तू बहाई. तुझं ताट वेगळं, पेला वेगळा. आमच्या पातेल्याला हात लावायचा नाही. विटाळ होतो."

"बरं," इनायत म्हणाला.

"बरं काय? भांडशील तरी."

"भांडून ताट एक होणार आहे का, हाजी?"

बाकीचे हसले. हाजीलाही हसू आलं, पण त्यानं ते मिशीत दाबलं.

चहा ओततानासुद्धा किटली त्याच्या पेल्याला लागू नये म्हणून उंच धरायचे. शिंतोडे बोटांवर उडायचे. इनायत निमूट आभार मानायचा. पण एक दिवस पेला तसाच ठेवून तो संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बायको फुरूग भेटीला आली, तेव्हा हे त्यानं तिला सांगितलं नाही.

मार्चमध्ये त्याचे उपास सुरू झाले. सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही.

"रमजानला अजून अवकाश आहे," हाजी म्हणाला. "तू कोणाचा रोजा धरलायस?"

"आमचे दिवस वेगळे असतात."

"देवाला पंचांग तरी एक द्यायचं होतं तुम्ही."

पण तिसऱ्या दिवसापासून संध्याकाळी इनायतचा वाटा गरम मिळू लागला. हाजी तो शेगडीजवळ झाकून ठेवायचा. "गार गिळून तुझं पोट बिघडेल," तो गुरगुरला, "आणि नाव माझं होईल."

उपास संपले आणि थोड्याच दिवसांनी फुरूग भेटीला आली ती डोळे सुजवून. इनायतच्या आईनं अंथरूण धरलं होतं. खाणं सुटलं होतं आणि सारखी ती त्याचंच नाव घेत होती. त्यानं रजेचा अर्ज केला. अधिकाऱ्यानं त्याला बोलावून खुर्ची दिली, चहासुद्धा मागवला.

"आजच जा घरी," तो म्हणाला. "मौलवींसमोर एवढंच म्हणायचं, की मी बहाई नाही."

इनायत चहा न पिता परत आला. हाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे, म्हणून टाक की. तोंडानं म्हणायचं, मनात काय ठेवायचं ते ठेव. मी ठाण्यात किती शपथा खाल्ल्यात, मोजल्या तर रात्र पुरायची नाही."

"तुम्ही डिझेलसाठी खाल्ल्यात, हाजी."

"आणि तुझी आई? ती डिझेल आहे का?"

इनायत चष्मा पुसत म्हणाला, "तिनंच शिकवलं मला हे. आता हे सोडून तिच्यासमोर जाऊन बसलो, तर ती विचारेल, तू कोण?"

चार दिवसांनी फोनवर फुरूगनं सांगितलं, की आई गेली. दफनही उरकलं होतं.

खोलीत आल्यावर तो नुसता बसून राहिला. हाजीनं शेगडी पेटवली, पातेल्यात तेल ओतलं आणि पीठ भाजायला घेतलं. कोणी साखर काढून दिली, अफूवाल्या म्हाताऱ्यानं जपून ठेवलेली केशराची पुडी आणली. मयताच्या घरी करतात तसा हलवा होता तो. पीठ तांबूस झालं, तसा हाजीनं चमचा इनायतपुढे धरला.

"घे. ढवळ."

"हाजी, तुमचं पातेलं..."

"आई तुझी आहे. मी किती ढवळू? खाली लागेल, घे."

इनायत ढवळू लागला. वाफेत त्याचा चष्मा धुरकटला आणि मग तो हुंदके देऊन रडला. हलवा सगळ्यांनी एकाच थाळीतून खाल्ला. फक्त एकजण उठून बाहेर गेला.

मग इनायत म्हणाला, की मयतासाठी आमची एक प्रार्थना असते. एकानं म्हणायची आणि बाकीच्यांनी उभं राहायचं. तुरुंगात ती मोठ्यानं म्हणणं म्हणजे धर्मप्रचाराचा गुन्हा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हाजीनं खोलीतल्या टीव्हीचा आवाज वाढवला आणि गुडघे धरून उभा राहिला. हळूहळू बाकीचेही उठले.

दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. जो उठून गेला होता, त्यानंच सांगितलं असणार.

"तू का उभा होतास?" अधिकाऱ्यानं हाजीला विचारलं.

"पाय आखडले होते, साहेब."

"सगळ्यांचेच?"

"जागा लहान आहे, साहेब."

हाजीकडून खोलीचा कारभार काढून घेतला. इनायतला एकट्याच्या कोठडीत टाकलं आणि तिथून दुसऱ्या बराकीत. हाजीची आणि त्याची पुन्हा भेट झाली नाही. नव्या बराकीत पुन्हा वेगळं ताट आलं. तिथे त्याच्यासाठी कोणी शेगडी पेटवली नाही. त्यानं पाचही वर्षं पुरी भोगली.

सुटून आला तेव्हा दुकानाला सील होतं. घरीच चष्म्यांच्या काड्या बसवून देऊ लागला. पहिल्या शुक्रवारी फुरूग डोक्यावर रुमाल बांधून निघाली.

"कुठे?"

"वर्ग असतो," ती म्हणाली. "तू गेल्यापासून मीच घेते. दर वेळी वेगळ्या घरी. भेटीत पहारेकरी ऐकायचे, म्हणून बोलले नाही."

"तुला धरलं असतं तर? वेड लागलं होतं का तुला?" त्याचा आवाज चढला. तुरुंगात कोणावर चढला नव्हता इतका.

"आता कळलं, पाच वर्षं मला कसं वाटत होतं ते?" फुरूग चपला घालत म्हणाली.

त्यानंही चपला घातल्या. मग गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकून तिच्या मागोमाग निघाला. त्या घरी मुलं गालिच्यावर बसली होती. ती त्याला ओळखत नव्हती. एका मुलीनं सरकून जागा केली, आणि तो शेवटच्या ओळीत मांडी घालून बसला.