डाव्या हाताची चाल

देवव्रत पियानो वाजवू लागला की त्याची बोटं दिसतच नाहीत, असं लोक म्हणत. श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीत वाढलेला हा मुलगा इंजिनिअर व्हायला मुंबईला गेला, तिथल्या एका हॉटेलात त्यानं जॅझ ऐकलं आणि कॉलेज सोडून दिलं. पुढे बर्लिन, कोपनहेगन, भरलेली सभागृहं. वेग हीच त्याची ओळख झाली.

मग एकदा वाजवता वाजवता उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप तळव्याकडे वळली. डॉक्टर म्हणाले, "बोटांत दोष नाही. अतिसरावानं मेंदूकडून येणारी आज्ञाच बिघडलीय."

तो घरी परतला, पण स्वस्थ बसेना. जेवणावरून मध्येच उठायचा, समुद्रावर जायचा, पोचल्या पोचल्या मागे फिरायचा. ताटाच्या काठावरही बोटं नाचत असायची.

"दादा, हात जरा थांबव ना," धाकटी बहीण इरा म्हणाली.

"थांबला तर कायमचा थांबेल गं."

एक दिवस त्याचा जुना ड्रमवादक मित्र रतन याचा फोन आला. "मुंबईत कार्यक्रम आहे. येतोस?"

"दोन बोटं कामातून गेलीत माझी."

"उरलेली आहेत ना?"

देवव्रतनं फोन आपटला. दिवसभर वाडीत येरझारा घातल्या आणि संध्याकाळी स्वतःच फोन लावून होकार कळवला.

कार्यक्रमात तिसरीच रचना द्रुत होती. ऐन भरात बोटं वळली, सूर तुटला. त्यानं दोन्ही हात उचलले. रतन मात्र वाजवतच राहिला. ते ठेके ऐकता ऐकता देवव्रतचा डावा हात पट्ट्यांवर उतरला आणि तीच चाल सावकाश, जड पावलांनी चालवू लागला. उजवा हात अधूनमधून एखादाच सूर देई. वेग ऐकायला आलेली काही माणसं उठून गेली. त्याला ती दिसली, तरी तो थांबला नाही.

कार्यक्रम संपवून आत आल्यावर त्यानं सोबत आलेल्या इराला विचारलं, "वाट लागली ना?"

"तुटलं तेव्हा वाटलं, संपलं सगळं. पण नंतरचं... तुझं वाजवणं मला पहिल्यांदाच गुणगुणता येतंय."

त्याला आधी राग आला, मग हसू.

"पुढच्या महिन्यात पुणं," रतन म्हणाला. "ती द्रुत रचना वगळू?"

"वगळ. नको, राहू दे. थांब, वाजवून बघतो." आणि घाम न पुसताच तो रिकाम्या मंचाकडे परत निघाला.