कडेचं पाणी

मित्सुएने दोराचं एक टोक अक्रोडाच्या बुंध्याला आवळलं आणि दुसरं टोक घेऊन ती सासऱ्यांच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"हात वर करा, बाबा."

"मला काय बैल समजलीस?" किहाची म्हणाले, पण गळाची काठी उंच धरून त्यांनी हात वर केले.

तिने त्यांच्या कमरेला वेढे देऊन गाठ मारली. जाड कोटाच्या आतला देह तिला वाटला होता त्याहून बारीक निघाला. पुढ्यातच नदी होती. डोंगरावरचा बर्फ वितळून ती काठोकाठ भरली होती. पाणी दुधाळ हिरवं, आणि तळातले धोंडे एकमेकांवर आपटत पुढे सरकत होते. त्याची धडधड पायांतून वर येत होती.

खरं तर ती त्यांना परत न्यायला आली होती; ते ऐकेनात, तेव्हा तिने निदान सोबत आणलेला दोर तरी बांधला. सकाळी टोफू विकणाऱ्या ओफुमीने दारातच गाठलं होतं.

"तुझे सासरे आजही नदीवर गेलेत बघ. असल्या पाण्यात. बरं, अख्खं गाव त्या नदीतला मासा तोंडात घालत नाही ते कोणासाठी? तुमच्याच घरासाठी ना? आणि हेच गळ टाकून बसलेत. लोक बोलतात गं. मी आपलं तुझ्या कानावर घातलं."

ओफुमीचं काही चुकत नव्हतं. गेल्या शरदात मित्सुएचा नवरा शिगेओ अळंबी काढायला वरच्या रानात गेला आणि पावसाने फुगलेल्या याच नदीत वाहून गेला. त्याची टोपली सापडली. तो सापडला नाही. मग बर्फ पडला आणि शोध थांबला. बुडालेला माणूस हाती लागेपर्यंत त्या नदीतला मासा खायचा नाही, अशी इथली रीत. मठाच्या भिक्षूंनी हिवाळ्यात दोनदा सुचवून पाहिलं, की देह नसला तरी अंत्यविधी करता येतात. दोन्ही वेळा किहाची उठले आणि मागच्या अंगणात जाऊन लाकडं फोडत बसले. मित्सुएनेही पुन्हा विषय काढला नाही.

आता तिला वाटलं होतं, म्हातारा नदीच्या मधोमध गळ फेकेल आणि तळ धुंडाळत बसेल. पण किहाची काठापासून जरा मागेच, वाळुंजाच्या झुडपाआड उभे राहिले. गांडूळ लावलेला गळ त्यांनी अगदी काठालगत सोडला. तिथे एका मोठ्या दगडामागे पाणी जरा थबकल्यासारखं फिरत होतं.

"एवढी मोठी नदी, आणि तुम्ही कडेलाच टाकताय?"

"मधे कोण राहील? या ओढीत इवानासारखा तगडा मासासुद्धा टिकत नाही. पाणी चढलं की मासा कडेला येतो, दगडाच्या आडोशाला. अगदी आपल्या पायाखाली असतो. लोक लांब फेकतात आणि हात हलवत घरी जातात."

गळाच्या दोरीला, तंगुसाला बांधलेली लाल लोकरीची खूण पाण्यावर हळूहळू फिरत राहिली. किहाचींनी गळ उचलला, पुन्हा सोडला.

"शिगेओलाही हेच सांगितलं होतं," ते म्हणाले. "लहान होता तेव्हा. पाण्यात पडलास तर नदीशी भांडू नकोस, कडेकडेने ये."

मित्सुए दोर हातात घट्ट धरून उभी होती.

"त्याने केलंच असेल तसं," ती म्हणाली.

किहाचींनी गळावरचं गांडूळ बदललं. त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला.

"बाबा, तुम्ही त्याला शोधता का इथे येऊन?"

"गळाने कुणी माणूस शोधतं का?" ते नदीकडे बघतच म्हणाले. "मासा लागतो. हातात घेतो आणि सोडून देतो. घरून निघताना रोज ठरवतो, आज न्यायचा. जमत नाही. नेला की मीच कबूल केल्यासारखं होईल."



लाल खूण थांबली. जरा खाली गेली, पुन्हा थांबली. किहाचींनी श्वास रोखून वाट पाहिली आणि मनगट वर उचललं. काठी वाकली. मासा थेट मधल्या धारेकडे धावला आणि त्याच्यामागे किहाचीही निघाले. एक पाय पाण्यात पडला. दोर ताठ झाला. मित्सुएने टाचा मातीत रोवल्या आणि दोन्ही हातांनी ओढून धरलं. क्षणभर म्हातारा, मासा आणि ती अशी एकाच रेषेत ताणली गेली होती. मग धार हटली, म्हणजे तिला तसं वाटलं, आणि किहाची माशाला वळवत, कडेकडेने चालवत हातजाळीत घेऊन आले.

हातभर लांबीचा इवाना होता. काळपट पाठ, त्यावर फिकट ठिपके, पोटाला नारिंगी झाक. किहाचींनी हात ओला केला, गळ सोडवला आणि मासा घेऊन ते पाण्याशी वाकले.

"द्या इकडे," मित्सुए म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. तिने दोन्ही हात पुढे केले होते.

घरी मासे साफ करायचं काम शिगेओचं होतं. तिने दगड उचलला आणि माशाच्या डोक्यावर मारला. पहिला घाव निसटला म्हणून पुन्हा मारला. किहाचींनी आपला चाकू तिच्यासमोर धरला. तिने पोट चिरलं, आतडी काढली, आणि मग कोठा, माशाच्या जठराची पिशवी, तीही उभी चिरून बोटाने उघडली. दोघंही वाकून बघत राहिली.

"अळ्या आहेत," ती म्हणाली. "नुसत्या अळ्या."

"हो," किहाची म्हणाले. "या दिवसांत तेच खातो तो."

तिने मासा कडेच्या पाण्यात धुतला. मग दोघं काठावर बसली. दोर सोडायचा राहूनच गेला होता. उठायला गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

दुपारी तिने मासा सळईला लावून, मीठ चोळून शेगडीच्या निखाऱ्यांवर धरला. चरबी थेंब थेंब गळून धूर उठत राहिला. मग एकाच ताटलीत तो दोघांच्या मधे ठेवला. वाढलेला भात निवत चालला. किहाचींचे हात मांडीवरच होते.

मित्सुएने जेवणाच्या काड्या उचलल्या, पाठीकडचा एक तुकडा सोडवला आणि खाल्ला. सावकाश चावून गिळला. किहाची तिच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनीही एक तुकडा घेतला.

दारात सावली आली. हातात टोफूचं भांडं घेऊन ओफुमी उभी होती. वास रस्त्यापर्यंत गेला असणार. ताटलीकडे पाहून तिने बोलायला तोंड उघडलं.

"मीठ कमी पडलंय," किहाची म्हणाले. त्यांचं दाराकडे लक्ष नव्हतं. "म्हणजे मला चालतं. शिगेओला जास्त लागायचं."

आजवर ते 'लागतं' म्हणत आले होते. मित्सुएच्या काड्या ताटलीवर थांबल्या.

ओफुमीने टोफूचं भांडं उंबऱ्याशी ठेवलं. डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला आणि ती तिथेच पायरीवर बसली. मित्सुएने लहान बशी घेतली, माशाचा एक तुकडा काढला आणि तिच्यापुढे नेऊन ठेवला.